बाईपोळा

माया हसली की वलगावात दोन गल्ल्या पलीकडे कळायचं. हिवरखेडहून लग्न होऊन आली तेव्हा नव्या नवरीसारखी चार दिवस तोंडाला पदर लावून वावरली, आणि पाचव्या दिवशी कशावरून तरी अशी खदखदून हसली की दारातली शेळी दावं तोडून पळाली. सासू माणिकबाईनं कपाळाला हात लावला. "धर्मेंद्रा," ती मुलाला म्हणाली, "बायको आनली का बँडबाजा?" धर्मेंद्र शेळी धरायला धावला. तो मुळातच कमी बोलणारा. पण त्या हसण्यावर तो पहिल्या दिवसापासून लट्टू होता आणि हे अख्ख्या माळीपुऱ्याला ठाऊक होतं.

घर माळ्याचं. पेढी नदीच्या अंगाला मळा, त्यात झेंडू आणि शेवंती, कडेनं मेथी, वांगी आणि सांबार. पुण्याकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात तो हा सांबार. इकडे कोथिंबीर मागितली की माणूस बाहेरगावचा हे लगेच कळतं. धर्मेंद्र सकाळी माल घेऊन अमरावतीच्या बाजारात जायचा, माया घरी हार ओवायची आणि माणिकबाई ओट्यावर बसून दोघांच्या कामातल्या चुका काढायची. मुलगी प्रणाली अकोल्याला शेतीच्या कॉलेजात शिकायला गेली तेव्हा घर जरा रिकामं झालं, एवढंच. बाकी सगळं छान चाललं होतं.

छान म्हणजे वरून पाहणाऱ्याला. दर दोन-तीन वर्षांनी, पाऊस सरता सरता, मायाला एक चढ यायचा. झोप उडायची, हात दुप्पट वेगानं चालायचे, डोक्यात नवनव्या कल्पना यायच्या. घरचे म्हणायचे, मायाचा हंगाम आला. मग काही आठवडे ती अंथरुणाला धरून पडायची, तेव्हा म्हणायचे, थकली असेल, एवढं काम केल्यावर थकणारच. आनंदाचं हे एक वाईट असतं, त्याची तक्रार घेऊन कोणी दवाखान्यात जात नाही. त्यामुळे मायाचं दुखणं घरातल्या घरात वावरत राहिलं आणि कोणी त्याला ओळखलं नाही.

गेल्या वर्षीचा हंगाम मात्र जगावेगळा निघाला. दसरा तोंडावर आला होता, झेंडू ऐन भरात होता, आणि माया झोपेनाशी झाली. तिनं सगळा झेंडू तोडला, कळ्यांसकट. हार ओवले आणि वाटत सुटली. घरोघरची दारं झाली, विजेचे खांब झाले, हापसा झाला, रस्त्यात बसलेल्या दोन कुत्र्यांनाही हार पडले. वर्षाची कमाई गावाच्या गळ्यात गेली. धर्मेंद्र अडवायला गेला तर भर चौकात त्याला नको नको ते बोलली. आणि शेवटी परतवाड्याच्या रस्त्यावर मधोमध उभी राहून ट्रक थांबवायला लागली, प्रत्येक ड्रायव्हरला हार घालायचा म्हणून. हसत होती. तेच हसू, फक्त त्याला बंद व्हायचं बटण नव्हतं. एका ट्रकचा ब्रेक वेळेवर लागला म्हणून ती वाचली. धर्मेंद्रनं ते डोळ्यांनी पाहिलं. 

खरं सांगायचं तर मायाला स्वतःला ते दिवस वाईट वाटले नव्हते. सगळी फुलं तिच्याशीच बोलतात, सगळं गाव आपलं आहे, आपण काहीही करू शकतो असं वाटत होतं. वाईट त्यानंतर आलं. दिवाळी कधी आली आणि गेली तिला कळलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. केस विंचरत नव्हती, जेवत नव्हती, आणि हसणं तर सोडाच, तोंडातून शब्द फुटत नव्हता. माणिकबाईनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. हिवरखेडहून भाऊ सहदेव कुठल्याशा बाबाचा अंगारा घेऊन आला. अंगारा संपला, माया होती तिथेच राहिली.

संक्रांतीच्या सुटीत प्रणाली अकोल्याहून आली. आईच्या केसांच्या जटा पाहिल्या आणि बॅगही न उघडता म्हणाली, "उद्या अमरावतीले नेतो मी इले. मनाच्या डाक्टरकडे."

"ते तं पागलाचे डाक्टर," धर्मेंद्र म्हणाला.

"बाबा, मायले असं पडलेलं पाहून तुमी पागल नाई झाले हेच लय झालं. उद्या गाडीत बसा गुपचूप."

डॉक्टर बाई वयानं तरुण होत्या, पण ऐकायला म्हाताऱ्या माणसाइतका वेळ काढणाऱ्या. त्यांनी आधी मायाचा हात हातात घेतला, मग धर्मेंद्रला विचारलं, "याच्याआधी या कधी फार आनंदात होत्या का? नेहमीपेक्षा जास्त?" धर्मेंद्र एवढा वेळ खाली मान घालून बसला होता. त्यानं दसऱ्याचं सगळं सांगितलं, मग त्याच्या आधीचेही हंगाम आठवून आठवून सांगितले. डॉक्टर बाईंनी ते शांतपणे ऐकलं आणि आजाराचं नाव घेतलं. बायपोलर. मन कधी एका टोकाला जातं, कधी दुसऱ्या. यात मायाचा दोष नाही, कोणाची करणी नाही. रक्तदाबासारखं हे औषधानं ताब्यात राहतं. गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं तरी आपल्या मनानं सोडायची नाही. मधून मधून रक्त तपासायचं. पाणी भरपूर प्यायचं, मीठ अचानक कमी-जास्त करायचं नाही, उपास करायचा तर आधी विचारायचं. आणि सगळ्यात महत्त्वाची झोप. "काही दिवस त्यांना पूर्ण आराम द्या, नीट खाऊ घाला," त्या म्हणाल्या. "कामाची घाई करू नका."

मायाला एवढंच कळलं की आपल्याला जे होतं त्याला नाव आहे. ज्याला नाव आहे ते दुसऱ्या कोणालातरी झालेलं असणार. त्या दिवसांत तिला कशानंच बरं वाटत नव्हतं, पण या एका विचारानं किंचित वाटलं.

आता गंमत पुढेच आहे. दवाखान्यातून निघताना धर्मेंद्रनं घरी फोन लावला. रस्त्यावर गाड्यांचा कलकलाट, माणिकबाईचा फोन उलटा धरलेला. "माय," तो ओरडला, "डाक्टरीन बाई म्हनते बायपोलर हाय. बायपोलर. तिले आराम द्या म्हनते, कामाले जुपू नका म्हनते, झोपू द्या, खाऊ घाला."

माणिकबाईनं फोन ठेवला आणि विचार करत बसली. या बाजूच्या जुन्या माणसांच्या तोंडी ळ टिकत नाही, त्याचा य होतो. पोळ्याला ते पोया म्हणतात. बैलाला कामाला जुंपायचं नाही, आराम द्यायचा, खाऊ घालायचं, तो बैलांचा पोया. दुसऱ्या दिवशी पोरांचे लाकडी बैल निघतात, तो तान्हा पोया. आता डॉक्टरनं हा बाईपोया सांगितला. नवीन निघाला असेल. शहरात काय काय निघतं. तिला त्यात न पटण्यासारखं काहीच दिसलं नाही. उलट, एवढी साधी गोष्ट आपल्याला आजवर कशी सुचली नाही याचं नवल वाटलं. ती उठली आणि तिनं चुलीवर पुरणाची डाळ शिजत घातली.

माया, धर्मेंद्र आणि प्रणाली घरी पोचले तो दारात पाट मांडलेला. माणिकबाईच्या हातात वाटी, वाटीत कोमट तूप आणि हळद. "बस इथं," ती सुनेला म्हणाली. माया यंत्रासारखी बसली. माणिकबाईनं तिच्या खांद्यावरचा पदर जरा सरकवला आणि दोन्ही हातांनी खांदे मळायला लागली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात, वर्षभर जू ओढून ते घट्टे पडलेले असतात म्हणून. तसेच. म्हातारीचे हात खरखरीत होते आणि गरम होते. या सासूनं वीसएक वर्षांत मायाच्या पाठीवर कधी हात फिरवला नव्हता. भांडणं केली होती, आजारपणं काढली होती, पण हात असा कधी लावला नव्हता. मायाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कितीतरी दिवसांत ते येत नव्हतं.

"माय, हे काय करून राहिली तू?" धर्मेंद्रनं विचारलं.

"काय म्हंजे? तूच तं सांग्तलं का डाक्टरनं बाईपोया कराले सांग्तला," माणिकबाई म्हणाली. मग तिनं शास्त्र पूर्ण केलं. बैलाला जे म्हणतात तेच सुनेच्या कानाशी म्हणाली, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

मायानं मान वर केली. तिचा आवाज किती दिवसांत कोणी ऐकला नव्हता. "उद्या कुठून येऊ, आई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी तं घरातच हाये."

आणि ती हसली. लहानसंच, मोटार पहिल्या झटक्याला सुरू होत नाही तसं, दोन वेळा अडखळून. प्रणाली आईच्या गळ्यात पडली. माणिकबाईनं तूप-हळदीच्या हातानं स्वतःचे डोळे पुसले आणि डोळा चुरचुरला म्हणून डॉक्टरला शिव्या दिल्या. फक्त धर्मेंद्र जागचा हलला नाही. त्याच्या कानात ट्रकचा ब्रेक वाजत होता.

प्रणालीनं आजीला समजावून पाहिलं. "आजी, बायपोलर. पोलर म्हंजे ध्रुव. दोन टोकं."

"ध्रुव तं आकाशात राह्यते," माणिकबाई म्हणाली. "मले शिकवू नको. डाक्टरनं आराम सांग्तला का नाई सांग्तला?"

"सांग्तला."

"खाऊ घाला म्हने का नाई?"

"म्हने."

"मंग पोया नाई तं काय शिमगा हाय?"

शिकलेल्या पोरीनं हात टेकले. त्या घरात दर अवसेला बाईपोळा सुरू झाला. त्या दिवशी मायानं चुलीकडे फिरकायचं नाही. पोळ्या धर्मेंद्र लाटायचा. त्यातल्या काही जिल्ह्याच्या नकाशासारख्या व्हायच्या आणि काहींचं पुरण बाहेर डोकवायचं. माणिकबाई नावं ठेवत ठेवत चार खायची.

गोळ्या लागू पडायला वेळ लागला. सुरुवातीला मायाचा हात थरथरायचा, सुईत दोरा जाईना; डॉक्टर बाईंनी रक्त तपासून गोळीचं माप जरा कमी केलं तेव्हा ते थांबलं. उन्हाळा लागेपर्यंत ती उठली, न्हाली, मळ्यात जायला लागली. शेवंतीच्या रोपांशी बोलायला लागली, फक्त आता रोपं उलट बोलत नव्हती. खरं तर त्याचीच तिला कधी कधी आठवण यायची. ते चढाचे दिवस, ते सगळं लखलखीत दिसणं. हे तिनं कोणाला सांगितलं नाही.

आणि हसू परत आलं. तिथेच पेच पडला.

तिनं हसायला तोंड उघडलं की धर्मेंद्रचा हात थबकायचा. "काहून हासून राहिली?" तो विचारायचा. आवाजात राग नसायचा, तसा असता तर मायानं दोन शब्द सुनावले असते. आवाजात भीती असायची. "काई नाई, त्या शेजारच्या सुपडाच्या बोकडानं त्याचंच धोतर खाल्लं," असं ती सांगायची. मग ते गमतीचं आहे की नाही याचा तो विचार करायचा. एवढ्या गोष्टीला एवढं हसू बरोबर आहे का, जास्त आहे का. ज्या हसण्याला आधी कारण लागत नव्हतं त्याला आता साक्षीदार लागायला लागले. शेजारणीही कानोसा घ्यायच्या. कोणी मुद्दाम वाईट वागत नव्हतं. सगळे डोळ्यांत तेल घालून तिला सांभाळत होते, आणि त्या सांभाळण्यानं तिचा जीव घुसमटत होता.

मग माया गोठ्यात जाऊन हसायला लागली. पदराचा बोळा तोंडात धरायचा, बैलाच्या मानेवर डोकं टेकवायचं आणि हसून घ्यायचं. पाखऱ्या नावाचा तो बैल शहाणा होता, त्यानं कधी कारण विचारलं नाही. पण बोळा काढून घरात आली की तिला स्वतःलाच शंका यायची. हे हसू माझं आहे की त्या आजाराचं? दुसऱ्याच्या नजरेतून पळता येतं, स्वतःच्या नजरेतून पळून बाई जाणार कुठे? बत्तीस दात दाखवून हसणारी माया ओठ मिटून हसायला शिकली आणि त्याचं तिला मनापासून दुःख झालं.

श्रावणात तपासणीची पाळी आली तेव्हा तिनं डॉक्टर बाईंना सरळ विचारलं. "मॅडम, हासनं बिमारीत धराचं का?"

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. "कोण धरतं?"

मायानं नवऱ्याकडे पाहिलं. धर्मेंद्रनं छताकडे पाहिलं. मग सगळं बाहेर आलं, गोठा, पदराचा बोळा आणि पाखऱ्यासुद्धा. बाईपोळ्याची गोष्टही आली, आणि ती ऐकून डॉक्टर बाई स्वतः इतक्या हसल्या की बाहेर बसलेले पेशंट चमकले.

"मी आत्ता हसले," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "मला गोळी द्यायची का? धर्मेंद्रभाऊ, हसण्यावर पहारा ठेवू नका. झोपेवर लक्ष ठेवा. झोप कमी झाली, तरीही अंगात वारं भरल्यासारखं वाटलं, बोलणं धावायला लागलं, पैसा वाटेल तसा सुटायला लागला, तर लगेच या. नुसतं हसल्याबद्दल कोणी दवाखान्यात येऊ नये. बरं, झोपतात ना या?"

"हो," धर्मेंद्र म्हणाला, "एकदम बराबर. दिवा मालवला का लागते झोप. एकदा कुशी बदलते, पहाटे घोरते थोडीशी."

"तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"मी जागाच असतो न."

"रोज?"

"दसऱ्यापासून."

डॉक्टर बाईंनी मायाकडे पाहिलं, मायानं डॉक्टर बाईंकडे. धर्मेंद्रच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दोघींनी एकदमच पाहिली असावीत. बायकोची झोप राखता राखता या माणसानं स्वतःची पार घालवली होती. "आता पेशंट कोण, तेच मला कळेना," डॉक्टर बाई म्हणाल्या. त्यांनी त्याला जवळ बसवलं आणि नीट सांगितलं, की भीती वाटते त्यात काही चूक नाही, तुम्ही जे पाहिलं ते भयंकर होतं; पण पहारेकरी दमला तर घर कोण सांभाळणार? रात्री झोपा. सकाळी त्यांनाच विचारा, झोप लागली होती का. त्या खरं सांगतील.

"सांगशीन?" धर्मेंद्रनं परतीच्या वाटेवर विचारलं.

"सांगन," माया म्हणाली. "पन तुमी ते खरं मानाची तयारी ठेवा."

त्या रात्रीपासून तो झोपायला लागला. पण झोप येणं वेगळं आणि भीती जाणं वेगळं. आणि पोळा जवळ येत होता.

वलगावचा पोळा गावच्या आखरावर भरतो, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर. तोरणाखाली बैलजोड्या ओळीनं उभ्या राहतात आणि तोरण तुटायच्या आधी झडत्या होतात. झडती म्हणजे चार ओळींचं ठसकेबाज पद्य, कोणाला टोमणा, कोणाला चिमटा. ज्याच्या अंगात धमक असेल त्यानं पुढे येऊन आरोळी ठोकायची. हे काम गडीमाणसांचं. बायका कडेला उभ्या राहून ऐकतात आणि बैल घरी येतील तेव्हा ओवाळायला म्हणून लवकर परततात.

मायाला एक झडती सुचली होती. मेथी निंदताना सुचली, तिनं माणिकबाईला म्हणून दाखवली. म्हातारी हसता हसता ओट्यावरून घसरायची राहिली. "हे आखरावर म्हनशीन तू," ती म्हणाली.

"लोक काय म्हनतीन?"

"लोकाइले काय म्हनाचं ते त्याईनं गेल्या साली म्हनून घेतलं. आता तू म्हन."

धर्मेंद्रला कळलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. भर गावात, उंच आवाजात, सगळ्यांसमोर. गेल्या वर्षीचं असंच सुरू झालं होतं. तो बैलांच्या शिंगांना बेगड लावत होता, त्याचे हात थांबले. "माया," तो म्हणाला, "राहू दे न."

"तुमी म्हनत असान तं राहू देतो," माया म्हणाली. "पन एक सांगा. मी सकाळी तुमाले रोज सांगतो का नाई, झोपली का नाई झोपली?"

"सांगतं."

"कालची?"

"झोपली म्हने."

"मंग हे हासू कोनाचं हाय, ते मले पाहू द्या एकदा. तुमच्यापेक्षा जास्त मले पाहाचं हाय."

धर्मेंद्र पुन्हा बैलांकडे वळला. त्यानं बेगड लावलं, गोंडे बांधले, आणि जोडी घेऊन निघताना मागे वळून म्हणाला, "पान्याची बाटली घेजो. ऊन हाय."

आखरावर तीन-चार झडत्या झाल्या, सरपंचावर झाली, खतवाल्यावर झाली. मग माणिकबाईनं सुनेच्या पाठीत कोपर मारलं. माया दोन पावलं पुढे आली. कोणीतरी गडी म्हणाला, "बायाइच्या झडत्या कवापासून?" त्याच्याकडे माणिकबाईनं असं पाहिलं की तो गोंडे सारखे करायला वाकला. मायानं पदर कमरेला खोचला. तिनं डोळे मिटले आणि सुरू केलं:

"बैलाच्या खांद्याले तुपाचं बोट,
बाईच्या खांद्याले धुन्याची मोट!
बैल पोळ्याले बसून खाते,
बाई पोळ्याले पोळ्या लाटते!
डाक्टरनं मले लिहून देला
बैलाच्या आंधी बाईचा पोळा!"

 सगळ्या गावाला तिच्या आजाराचं माहीत होतं, आणि सगळं गाव आजवर तिच्या पाठीमागे बोलत होतं. तिनं ते तोरणाखाली आणून ठेवलं. मग कडेच्या बायकांतून पहिला हशा फुटला आणि तो गड्यांपर्यंत पसरत गेला. महादेवाचा गजर झाला. एक बाई ओरडून विचारत होती, "कोन्या डाक्टरनं देला वं? मले पत्ता दे." माया हसली. तोंड उघडून, मान मागे टाकून, पूर्वीसारखी. पाखऱ्या बिचकला नाही, त्याला सवय होती.

तिनं धर्मेंद्रला शोधलं. तो जोडीचा कासरा धरून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आणि भीती दोन्ही एकदम होतं. तो हसत होता, पण बघतही होता.

मग तोरण तुटलं. बैल घरोघर फिरले, मायानं दारात ओवाळलं, आल्या-गेल्यांना पुरणपोळ्या वाढल्या, झडती आणखी कितीदा तरी म्हणून दाखवावी लागली. प्रत्येक वेळी हशा झाला. ऊन कलता कलता घर जरा रिकामं झालं तेव्हा माया ओट्यावर टेकली. हसू अजून तोंडावर होतं. पण पाय ठणकत होते. पोटऱ्या भरून आल्या होत्या. खांबाला डोकं टेकवलं आणि पापण्या आपोआप खाली यायला लागल्या, आणि अर्धवट झोपेतच तिच्या लक्षात आलं. गेल्या वर्षी सगळा झेंडू तोडला, गावभर फिरली, रस्त्यावर उभी राहिली, तरी ती एकदाही दमली नव्हती. एकदाही कुठे बसावंसं वाटलं नव्हतं. त्या आनंदाला पायच नव्हते दुखायला.

"काय झालं?" धर्मेंद्र दारातून धावत आला. तिला असं डोकं टेकवलेलं पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "माया, काय झालं?"

"काई नाई," ती म्हणाली. "दमली मी. लय दमली. गेल्या साली मी दमत नव्हती, आठवते तुमाले? आज पाय तुटून राहिले माह्ये."

 समजायला धर्मेंद्रला जरा वेळ लागला. मग तो खाली बसला, तिचे पाय आपल्या मांडीवर घेतले, आणि कमी बोलणारा तो माणूस घराकडे तोंड करून मोठ्यानं ओरडला, "माय, ही दमली म्हनते! दमली!"

आतून भांड्यांचा आवाज थांबला. माणिकबाई दारात आली, सुनेकडे वाकून पाहिलं आणि दोन्ही हातांनी तिची दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली. "दमली का खरंच?" तिनं विचारलं. मायानं डोळे न उघडता मान हलवली. म्हातारी पदरानं डोळे पुसायला लागली आणि धर्मेंद्र हसायला लागला, गळा भरून, मोठमोठ्यानं, स्वतःचं हसू न मोजता.

कुंपणापलीकडची शेजारीण हातातली पोळी तशीच धरून हे बघत होती. घरची बाई कामानं दमली यात एवढा आनंद कसला, हे काही तिला कळेना.